हिरवा पडलेला पूल आणि ‘रिव्हायव्हल पॅकेज’: कोटेशनची ओळ न् ओळ पारखून

बंगल्यामागचा पूल वर्ष-दोन वर्षं बंद राहिला की पाणी आधी हिरवं, मग काळपट होतं आणि तळ दिसेनासा होतो. (इथे पूल म्हणजे गोदावरीवरचा नव्हे, अंगणातला पोहण्याचा.) नाशिकमध्ये गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, मखमलाबादकडच्या बंगल्यांना आणि फार्महाउसना अशा वेळी जे कोटेशन मिळतं, त्याचा साचा ठरलेला असतो: पाणी उपसून नव्याने भरणे, ॲसिड वॉश (भिंती-तळ ॲसिडने धुणे), फिल्टरची वाळू बदलणे, पंप सर्व्हिसिंग, अल्गीसाइड (शेवाळनाशक), शॉक ट्रीटमेंट (क्लोरीनचा एकदम मोठा मारा). या सहा ओळींना मिळून ‘रिव्हायव्हल पॅकेज’ म्हणतात. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या पॅकेजचं आहे.

निकाल आधीच सांगतो. पंप सर्व्हिसिंग आणि शॉक या दोन ओळींचे पैसे वसूल होतात. वाळू आणि ॲसिड वॉश गरज दिसली तरच. पाण्याचा उपसा आणि तांब्याचं अल्गीसाइड या दोन ओळी बहुतेक पुलांच्या बाबतीत सरळ खोडाव्यात. आणि जी ओळ सगळ्यात आधी हवी, पाण्याची तपासणी, ती या साच्यात नसतेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातला प्रकार.

पुढचे सगळे आकडे ८ मीटर × ४ मीटर, सरासरी १.३ मीटर खोल पुलाचे आहेत. म्हणजे ४१.६ घनमीटर, गोळाबेरीज ४२,००० लिटर. तुमचा पूल निम्मा असेल तर औषधंही निम्मी.

पाणी उपसण्याची ओळ

ठेकेदाराला उपसा सोयीचा असतो: दोन दिवसांत तळ दिसतो, घासून घेतलं की मालक खूश. पण ४२,००० लिटर म्हणजे दहा हजारी चार-पाच टँकर, आणि भरणारं पाणी बोअरचं असेल तर नाशिकच्या बेसॉल्ट खडकातला कठीणपणा त्याच्याबरोबर आलाच. हिरवं पाणी खराब नसतं, त्यात फक्त शेवाळ जिवंत असतं. क्लोरीन आणि फिल्टर धड असतील तर तेच पाणी साधारण आठवड्याभरात निळं होतं.

खरा धोका वेगळाच आहे. रिकामा पूल ही जमिनीत पुरलेली नाव असते. आत पाण्याचं वजन असतं तोवर ती बसून राहते. पावसाळ्यानंतर विहिरी तुडुंब असतात तेव्हा पूल रिकामा केला, तर भूजलाचा दाब तळ उचलतो, टाइल्स फुगतात, फायबरच्या पुलाच्या भिंती आत ढकलल्या जातात. काळ्या मातीत तर ओल धरलेली माती बाजूनेही रेटते. म्हणून जुलै ते डिसेंबर पूर्ण उपसा नाहीच. शेजारच्या विहिरीतलं पाणी पुलाच्या तळापेक्षा खाली आहे हे डोळ्यांनी पाहूनच मार्च ते मेमध्ये करावा. मेन ड्रेनच्या (तळातल्या निचऱ्याच्या) खड्ड्यात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह, म्हणजे खालच्या भूजलाला आत वाट देऊन दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, आहे का, हे ठेकेदाराला विचारा. प्रश्नच कळला नाही तर उपसा त्याच्याकडून करून घेऊ नका.

उपसा योग्य कधी? तळाशी वीतभर कुजलेला पाला असेल, प्लास्टर सुटलं असेल, किंवा पाण्यात सायन्यूरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून जपणारं, पण जास्त झालं की त्यालाच बांधून ठेवणारं रसायन) १०० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत १०० भागांच्या, वर गेलं असेल तेव्हा. शेवटच्या प्रकारात निम्मं पाणी बदलून भागतं, कारण निम्मं बदललं की आकडाही निम्मा होतो.

जी ओळ नसते: तपासणी

पॅकेजबरोबर मिळणारा किट बहुधा दोन बाटल्यांचा असतो. एकात थेंब टाकले की पाणी पिवळं, दुसऱ्यात लालसर. पिवळा होतो तो ओटीओ. तो एकूण क्लोरीन दाखवतो, मोकळं क्लोरीन नाही. म्हणजे घाणीशी जखडलेलं, कामातून गेलेलं क्लोरीनही त्यात मोजलं जातं आणि पाणी हिरवं असूनही किट म्हणतो ‘भरपूर आहे’. रोजच्या देखभालीला चालेल, मेलेला पूल उठवायला नाही. त्यासाठी डीपीडी पावडरचा थेंब-मोजणीचा किट हवा, ज्यात मोकळं आणि जखडलेलं क्लोरीन वेगळं कळतं. पीएच, अल्कॅलिनिटी (पीएच स्थिर धरणारा क्षारपणा), कॅल्शियम हार्डनेस आणि सायन्यूरिक ॲसिड हे चार आकडेही हवेत.

दोन फसवे क्षण लक्षात ठेवा. क्लोरीन १० पीपीएमच्या वर असेल तर साध्या डीपीडीचा गुलाबी रंग उमटून लगेच उडतो, आणि क्लोरीन शून्य आहे असं वाटतं. तेवढ्याच क्लोरीनमध्ये पीएचचा फिनॉल रेड जांभळा पडतो, आणि पीएच फार वाढलाय असं वाटून माणूस फुकट ॲसिड ओततो. द्राक्षवाल्यांकडे फवारणीच्या पाण्यासाठी पीएच मीटर असतोच. बफरने जुळवून घेतलेला असेल तर इथे तो बेधडक वापरा.

पंप आणि फिल्टर: खरं काम इथे आहे

औषध कितीही टाका, पाणी फिरलं नाही तर पूल उठत नाही. त्यामुळे क्लोरीनचा पहिला थेंब टाकण्याआधी यंत्र चालू हवं, आणि याच ओळीत चांगला आणि वाईट मेकॅनिक वेगळे कळतात.

वर्षभर बंद मोटर एकदम चालू करू नये. मेन बंद करून मागचं फॅन-कव्हर काढा, पंखा हाताने फिरवून पाहा. जाम असेल तर शाफ्टवर गंज किंवा इम्पेलरमध्ये (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकात) खडा आहे. तशीच चालू केली तर वाइंडिंग जळतं. मोटर नुसती हूं-हूं करते पण फिरत नाही आणि शाफ्ट मोकळा आहे, तर कंडेन्सर गेलाय. नवा घेताना मोटरच्या प्लेटवर किंवा जुन्या कंडेन्सरवर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच घ्या, ‘जरा मोठा टाकू’ नको. पंप आणि मोटरच्या मधून पाणी ठिबकतंय तर मेकॅनिकल सील. सील स्वस्त असतं, पण ते तसंच गळत ठेवलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि मग खर्च मोटरचा. सील बसवताना सिरॅमिकच्या चकतीला बोटांचं तेल लागू नये. सर्व्हिसिंगला आलेला माणूस ती साध्या हातांनी चोळत असेल तर तिथेच थांबवा.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे पंप पाणी धरत नाही, किंवा रिटर्नच्या तोंडातून (गाळलेलं पाणी पुलात परत येतं तिथून) बुडबुडे येत राहतात. दोन्हींचं मूळ एकच: सक्शनच्या बाजूने हवा ओढली जातेय. क्रमाने पाहायचं. पुलातली पातळी स्किमरच्या (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या, भिंतीतल्या खणाच्या) तोंडाच्या निम्म्यापर्यंत आहे का? स्किमरची झडप वर अडकली आहे का? पंपाच्या पारदर्शक झाकणाची ओ-रिंग चपटी झालीय का, तिच्या खाचेत वाळूचा कण आहे का? (ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, व्हॅसलिन नाही. व्हॅसलिनने रबर फुगतं.) मग पंपाच्या अलीकडचं युनियन, मग बॉल व्हॉल्व्हची मूठ. पंप चालू ठेवून एकेका जोडावर साबणाचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जातो तिथे भोक. याला दहा मिनिटं लागतात. त्याऐवजी ‘पंप कमजोर झालाय, दीड एचपीचा बसवू’ असं उत्तर मिळालं तर ते विकण्याचं उत्तर आहे.

मोठा पंप का नको, याचं गणित सोपं आहे. ५०० मिलिमीटर व्यासाच्या सँड फिल्टरचं क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर. ताशी चौरस मीटरला ४० घनमीटर या वेगाने त्यातून सुमारे ७,८०० लिटर पाणी नीट गाळलं जातं. म्हणजे ४२,००० लिटर साडेपाच तासांत एकदा फिरतात, घरगुती पुलाला ते पुरेसं आहे. यावर दीड-दोन एचपी लावला तर पाणी वाळूतून बोगदे पाडत धावतं आणि बारीक घाण पुन्हा पुलात. पंप वाढवायचा असेल तर फिल्टरही वाढवा.

फिल्टरवरचा प्रेशर गेज आधी बदला. पंप बंद असताना काटा शून्यावर येत नसेल तर तो शोभेचा आहे. बॅकवॉशनंतरचा (उलट्या धारेने वाळू धुतल्यानंतरचा) स्वच्छ आकडा खडूने टाकीवर लिहून ठेवा. त्याच्यावर दाब अर्धा किलो (चौरस सेंटिमीटरला) चढला की पुन्हा बॅकवॉश. गेज नेहमीपेक्षा खाली आणि रिटर्नची धार मंद असेल तर चोंदलंय ते फिल्टरच्या आधी: स्किमरची जाळी, पंपाची जाळी किंवा इम्पेलर.

ठिबकचा सँड फिल्टर हाताळलेल्याला बॅकवॉश शिकवावा लागत नाही, पण सहा दिशांच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची एक शिस्त आहे: मूठ फिरवण्याआधी पंप बंद. दर वेळी. चालू पंपावर मूठ फिरवली की आतलं चाकासारखं गॅस्केट जागचं हलतं किंवा फाटतं. ते फाटल्याची खूण म्हणजे मूठ ‘फिल्टर’वर असतानाही वेस्टच्या पाइपातून पाणी झिरपत राहतं आणि पुलाची पातळी दिसेल अशी उतरते. अशा पुलाला लोक गळती समजून टाइल्स फोडतात. आधी वेस्ट पाइपाचं तोंड पाहा. तिथे कोरडं असेल तर बादलीची चाचणी: पुलाच्या पायरीवर पुलाच्याच पाण्याने भरलेली बादली ठेवा, बादलीत आणि बाहेर पातळीला खूण करा, २४ तासांनी पाहा. दोन्ही सारखंच उतरलं तर ते ऊन आहे, गळती नाही. पंप चालू ठेवून एक दिवस आणि बंद ठेवून एक दिवस अशी दोनदा केली, तर गळती पाइपात की पुलाच्या टाकीत हेही कळतं.

बॅकवॉश काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण ३ मिनिटं, आणि मग अर्धा मिनिट ‘रिन्स’. रिन्स वगळलं की उलटून आलेला गाळ पहिल्याच धारेत पुलात परततो. एका बॅकवॉशला ४०० लिटरच्या आसपास पाणी जातं. शॉकच्या दिवसांतलं हे पाणी क्लोरीनचं असतं, ते वेलींच्या मुळाशी सोडू नका.

शेतीच्या फीडरवर ठरावीक तासच वीज असेल तर पूल उठवण्याचं काम तिथे अडतं, कारण या आठवड्यात पंप दिवसरात्र चालायला हवा. घरगुती सिंगल फेजवर सोय आहे का, हे कोटेशनआधी बघा.

शॉक: किती, कशाने, कुठवर

‘शॉक ट्रीटमेंट: १ जॉब’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्या ओळीला अर्थ नाही. कुठलं औषध, किती, आणि कुठल्या आकड्यापर्यंत, हे लिहून घ्या.

आधी गाळ जाळीने काढा. गप्पी मासे सोडलेले असतील तर त्यांना दुसऱ्या टाकीत हलवा, क्लोरीनमध्ये ते जगत नाहीत. मग पीएच ७.२ वर आणा. हे फुकटचं पथ्य नाही: ७.२ ला मोकळ्या क्लोरीनपैकी दोन-तृतीयांश मारक रूपात असतं, ८.२ ला जेमतेम सहावा हिस्सा. त्यासाठी म्युरिॲटिक ॲसिड एका वेळी अर्धा लिटर, बादलीभर पाण्यात पातळ करून, रिटर्नच्या धारेसमोर. तासाभराने पुन्हा मोजा. अंदाज म्हणून, या पुलात १० पीपीएम अल्कॅलिनिटी उतरवायला ३० टक्क्यांच्या वरचं ॲसिड पाऊण ते एक लिटरच्या दरम्यान लागतं.

शॉकची पातळी सायन्यूरिक ॲसिडवर ठरते, साधारण त्याच्या ४० टक्के. सायन्यूरिक ३० पीपीएम असेल तर क्लोरीन १२ पीपीएम. या पुलात तेवढं चढवायला ५०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्क्यांचं द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ५ लिटर, किंवा ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट पाऊण किलोच्या थोडं वर, किंवा साधी ब्लीचिंग पावडर दीड किलो. हे एकदा टाकून संपत नाही. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी मोजायचं आणि जेवढं उतरलं तेवढं पुन्हा टाकायचं. सोबत भिंती, पायऱ्या, शिडीमागचा कोपरा दिवसातून दोनदा ब्रशने घासायचा. शेवाळाला वरून बुळबुळीत कवच असतं, ते फोडल्याशिवाय क्लोरीन आत जात नाही.

तिन्हींत आमची पसंती ताज्या द्रव हायपोला. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर पडलेल्या कॅनमध्ये टक्केवारी निम्मी राहिलेली असू शकते, म्हणून लागेल तेवढंच आणा आणि सावलीत ठेवा. कॅल्शियम हायपो बोअरच्या कठीण पाण्यात आणखी कॅल्शियम घालतं, त्याने पाण्याच्या रेषेवर पांढरी खरवड आणि हीटर असेल तर त्यात थर. ब्लीचिंग पावडर स्वस्त, पण चुन्याचा साका इतका की बादलीत कालवून, निवळवून, वरचं पाणीच टाकावं लागतं.

आणि पॅकेजमध्ये हमखास येतात त्या टीसीसीए ९० च्या (क्लोरीन आणि सायन्यूरिक एकत्र असलेल्या) गोळ्या? रोजच्या वापराला, मोजून, ठीक. शॉकला चूक. या गोळ्यांतून १० पीपीएम क्लोरीन मिळालं की ६ पीपीएम सायन्यूरिक पाण्यात कायमचं राहतं. हंगामभर तरंगता डबा भरत राहिलं की क्लोरीनचे हात बांधले जातात. किटमध्ये ३ पीपीएम दिसतंय आणि पाणी हिरवं, ते यामुळे. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपो एका डब्यात, एका मापाने, एका फ्लोटरमध्ये कधीही नाही. दोन्ही भेटले की आग लागते, स्फोटही होतो. ॲसिड आणि हायपोचे कॅनही शेजारी ठेवायचे नाहीत, सांडून मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो.

एखादा पूल असा भेटतो की १० पीपीएम टाकलेलं क्लोरीन अर्ध्या तासात शून्य. औषध भेसळीचं नसतं. बंद काळात जिवाणूंनी सायन्यूरिकचं अमोनिया केलेलं असतं, आणि तो आधी सगळं क्लोरीन खातो. अशा वेळी दर पंधरा-वीस मिनिटांनी टाकत राहायचं. क्लोरीन टिकायला लागलं की मग नेहमीचा शॉक.

काम संपलं हे रंगावरून ठरवू नका. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर मोजा, पहाटे ऊन पडण्याआधी मोजा. रात्रीत १ पीपीएमपेक्षा कमी उतरलं, जखडलेलं क्लोरीन ०.५ किंवा खाली आणि तळातलं नाणं काठावरून स्पष्ट दिसलं, तर झालं. कोटेशनमध्ये ‘काम पूर्ण’ची व्याख्या म्हणून हे तीन आकडे लिहून घ्यावेत.

पाणी निळसर पण दुधाळ राहिलं तर मेलेलं शेवाळ तरंगतंय. फिल्टरला वेळ द्या. घाई असेल तर तुरटी चालते, पण तिचा बसलेला साका ‘वेस्ट’वर ठेवूनच ओढायचा. ‘फिल्टर’वर ओढला तर वाळू चिकट होऊन बसते.

अल्गीसाइड

द्राक्षाच्या पट्ट्यात बोर्डो फवारणीसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) घरातच असतो, त्यामुळे तो पुलात टाकण्याचा मोह जुना आहे. किलोभर मोरचूद या पुलात टाकला तर तांबं ६ पीपीएमच्या आसपास जातं. डाग पडायला त्याच्या दहावा हिस्साही पुरतो, आणि पीएच चढला की निळे-काळे डाग ग्राउटमध्ये बसतात. पोहणाऱ्यांचे पांढरे केस हिरवट होतात ते याच तांब्याने. बाटलीवर कॉपर लिहिलेलं अल्गीसाइड म्हणजे हेच, सुगंधी लेबल लावून.

वाळू आणि ॲसिड वॉश

वाळू पाच-सात वर्षं चालते. झाकण उघडून हात घाला. गोळे, तेलकटपणा किंवा दगडी थर असेल तर बदला, नाहीतर लांब बॅकवॉश पुरे. बदलताना ०.५ ते ०.८ मिलिमीटरची सिलिका वाळूच. बांधकामाची नाही, ठिबकच्या फिल्टरमधली जाडही नाही. टाकी आधी निम्मी पाण्याने भरा, मधल्या पाइपाचं तोंड पिशवीने बांधा, मग वाळू सोडा. कोरड्या टाकीत पोतं उलटं केलं की खालच्या जाळीच्या नळ्या मोडतात, आणि आठवड्याने रिटर्नसमोर वाळूचे छोटे ढीग दिसतात.

ॲसिड वॉशने प्रत्येक वेळी सिमेंटचा एक पापुद्रा जातो, टाइल्सच्या पुलात ग्राउट जातं. पाण्याच्या रेषेवरची खरवड तेवढी हाताने काढली तरी बहुतेक पूल चांगले दिसतात.

पाण्याखालचा दिवा १२ व्होल्टचाच हवा, आणि पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच). तो पडत असेल तर कारण सापडेपर्यंत पाण्यात कोणी उतरायचं नाही. ‘तात्पुरता बायपास’ करून देणाऱ्याला त्याच पावली परत पाठवा.

पुढच्या वार्षिक करारात महिन्याला चार फेऱ्या असं लिहिलेलं असतं. प्रत्येक फेरीला मोकळं क्लोरीन, पीएच आणि गेजचा आकडा पंपघराच्या दारामागच्या वहीत तारखेसह लिहिणं त्यात घालून घ्या. नाशिकच्या थंडीत शेवाळ आळसावतं तेव्हा जानेवारीत चार फेऱ्यांची गरज नाही. त्यातल्या दोन एप्रिल-मेमध्ये वळवून मागा, बहुतेक लोक देतात.